पकड हाय का?

सर सकाळी कोनाले राम राम करत नव्हते, नमस्ते नाही, काही नाही, समोर जो येईल त्याले पयले एकच विचारत, "पकड हाय का?" दूधवाल्याले पन तेच, पोस्टमनले पन तेच, गल्लीतल्या गाईले पन तेच. दूधवाला नवा व्हता तवा त्याले वाटलं सायकलीचं विचारून राह्यले, तो म्हने, "हौ सर, बिरेक कालच बसवले," तं सर म्हने, "बिरेक थांबासाठी असते रे बापा, मी धराचं विचारलं." त्याले काय समजते, त्यानं माप ओतलं न पळाला. मी पन पयल्या दिवसी पळालीच व्हती. बालाघाटले नदीकडच्या रस्त्यावर सरांचं घर, खालच्या दोन खोल्या आम्ही किरायानं घेतल्या, हे राइसमिलमधी कामाले, सासू संगं, आनि मी कटंगीकडची, आठवीतून शाळा सुटलेली, कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या मानसासमोर उभं राहाचीच मले भीती, आनि त्यात ते विचारतात पकड हाय का. मी घरात येऊन सासूले म्हनलं, "माय, घरमालक काहीतरी वेगळे हायत." सासू म्हने, "नळाचं पानी वेळेवर सोडते न, मंग वेगळा असो का सरळ असो."

पानी सोडत, पन पानी सोडताना पन बोलत. सरांच्या वरच्या वट्यावर काचेच्या मोठ्या बरन्या ठेवल्या व्हत्या, काकूच्या, म्हनजे सरांच्या बायकोच्या, लोनच्याच्या. काकू आम्ही यायच्या आधीच गेलत्या, मी त्याईले पाह्यलं नाही, बरन्याच पाह्यल्या. आता त्याईत लोनचं नव्हतं, नदीची रेती न नदीचं पानी व्हतं, एकीत शिंप्या रेतीत गडलेल्या, दुसरीत घोंगे, पान्यातल्या गोगलगाई, काचेले चिपकलेले. घोंग्याले एकच पाय असते हे मले तिथीच समजलं. पोटाखालचा तो मऊ पाय काचेले लावून तो उभा धरून राहते, पडत नाही, बरनी हालवली तरी पडत नाही. सर काचेवर टिचकी मारत न म्हनत, "पाह्य पोरी, हे याची पकड. हे गेली की याचं सारं गेलं. खानं गेलं, पोरंबाळं गेले, नदी त्याले घेऊन जाते." मंग मले समजलं ते सकाळी काय विचारतात. तवापासून भीती कमी झाली नाही, पन पळाची बंद झाली.

एक दिवस मी तांदूळ धुवून धोवन मोरीत टाकून राह्यली तं वरून आवाज आला, "टाकू नको, इकडं आन." मले वाटलं काय गुन्हा झाला. त्याईनं ते पांढरं पानी थोडंसं शिंप्याईच्या बरनीत ओतलं, सारी बरनी दुधासारखी झाली, म्हने संध्याकाळी येजो. संध्याकाळी पाह्यलं तं पानी नितळ, खालची रेती दिसून राह्यली. सर म्हने, "शिंपी पानी पीत नाही, पानी गाळते. दिवसभर गाळत राहते. साफ पानी आपल्याले देते न जे काही राह्यलं ते आपल्या आंगात ठेवते. चांगलं असो का जहर असो." मी म्हनलं, "म्हनजे बाईमानसासारखं." सर माह्याकडं पाहातच राह्यले, म्हने, "एवढे वर्स शिकवलं, कोन्या पोरानं हे नाही सांगतलं."

आता शिरवनं काय ते सांगतो, नाही तं पुढचं कोनाले समजनार नाही. आमच्याकडं जे घरात ठेवता येत नाही न उकिरड्यावर टाकता येत नाही ते नदीत शिरवतात. देवाचा फुटका फोटो, वाळलेले हार, गनपती, मानसाची राख. आनि गेलेल्या मानसाच्या गोळ्या. घरात त्याची गोळी राह्यली तं त्याचं दुखनं घरात राह्यते, असं सारे मानतात, मी पन मानत व्हती. म्हनून राखेच्या मडक्यासंगं एक पन्नीची थैली जाते, त्याच्यात सुगरच्या, बीपीच्या, छातीच्या, झोपेच्या, जे काही उरलं ते, आनि बाटल्या बूच काढून ओततात, कारन बंद बाटलीत दुखनं बंद राह्यते. बरं झालेलं मानूसही नदीवर जाऊन उरलेल्या गोळ्या सोडते, हात जोडते. कोनाले वाटते का यात काही वाईट हाय. दुखनंच तं वाहून जाऊन राह्यलं.

आनि सर एक बिस्किटाचा चौकोनी डबा घेऊन गल्लीत फिरत. झाकनाचा, त्याच्यावर बाईचं न फुलाचं चित्र, घासून घासून बाईचं नाक गेलेलं. दारासमोर उभे राहत न म्हनत, "उरलं सुरलं द्या वं माय." भाकर नाही, पीठ नाही, गोळ्या. समोरच्या घरची दीदी हसे, म्हने, "आज क्या चाहिए सर, बुखार की या दस्त की?" सर म्हनत, "जो बची है दे दो बेटी, अपना कोई परहेज नहीं." पोट्टे मागून ओरडत, जोगी आला, गोळीवाला जोगी आला. सर वळून त्याईले विचारत, "पकड हाय का रे?" न पोट्टे पळत. माह्या सासूनं त्याईले जुन्या खोकल्याच्या गोळ्या देल्ल्या पन मंग दरवाज्यावर पानी शिंपडलं, कारन दुखनं कोनाच्या तरी हातात देल्लं, नदीत नाही.

मी एकदा विचारलं, "सर, याचं करता काय?"

"ठेवतो."

"मंग?"

"मंग काय, तेच तं समजत नाही. गाडलं तं विहिरीत उतरते, जाळलं तं नाकात जाते, फेकलं तं नदीत जाते. म्हनून ठेवतो." मंग म्हने, "सांग, वैनगंगा कुठी जाते?"

"भंडाऱ्याकडं."

"मंग?"

"मंग मले माहीत नाही सर, तिकडं माही मावशी नाही."

ते हसले, पन मंग हसनं बंद करून सांगत बसले, भंडाऱ्यावरून खाली, मंग वर्धा भेटते, मंग गोदावरी, मंग समुद्र. सर जवानीत शिकासाठी समुद्रावर राहून आलते. तिथी खडकाईवर शिंपले असे बसलेले म्हने का चाकू घातला तरी निघत नाही, दगडच वाटते. त्याईचा एक संगी तिकडंच राह्यला व्हता, तो एकदा आला, दोघं वट्यावर बसले, मी चहा घेऊन गेलती म्हनून मी आपल्या कानानं ऐकलं. तो संगी सांगून राह्यला व्हता का जिथी औषधाच्या कारखान्याचं पानी खाडीत येते तिथले शिंपले आता बोटानं निघतात. हात लावला का हातात येते. मोसम नसताना अंडे सोडून देतात, ते अंडे वाया जातात. नर शिंपल्याईत अंडे दिसून राह्यले. मेले असं नाही म्हने, जित्ते हायत, पन आपलं काम इसरले. सरांनं चहा प्यालाच नाही, त्याच्यावर साय आली. मी कप उचलला तं म्हने, "ऐकलं न पोरी? मरत नाही. इसरते." मले त्या दिवसी मरन्यापेक्षा तेच जास्त भेवाचं वाटलं, काहून वाटलं ते तवा मालूम नव्हतं.

घाटावर त्याईचे भांडनं पन व्हत. एकदा कोनाचा बाप गेलता, लोक राख शिरवून राह्यले, थैली पान्यात सोडली, तं सर पँट वर न करता तसेच पान्यात उतरले न थैली धरली. तो पोरगा म्हने, "सर, आमच्या बाचं हाय ते." सर म्हने, "बा तुहा गेला रे राजा, आता शिंप्याईचे लेकरं काहून मारून राह्यला." दुसरा म्हने, "एका थैलीनं नदीले काय होते?" सर म्हने, "एका थैलीनं काहीच होत नाही, खरं हाय. पन थैली एक नाही. वरतून दवाखान्याचा नाला येते, वरच्या गावाईचे घाट हायत, दर गावाले एक घाट हाय." ते एक चप्पल पायात, एक वाहून गेलेली, ओली थैली छातीले धरून घरी आले. सासू म्हने, "मेलेल्याचं उष्टं घरात आनलं, आता हा पन जाईल." मी दार लावून घेतलं.

मंग माही पोरगी झाली.

पोरगी झाली तवा मले काय झालं ते मले आजही सांगता येत नाही. सारे खूस, बारसं झालं, न मी रडूनच राह्यली. पोरीले हातात घेतलं का वाटे आता पाडीन. मांगच्या दारी विहीर हाय, त्या दाराकडं मी जातच नव्हती, मले विहिरीचं भेव नव्हतं, मले माहंच भेव वाटे. सासूनं लिंबू उतरवले, मिरच्या जाळल्या, म्हने बाहेरचं लागलं. झोप नाही, जेवन नाही. मंग हे मले बसनं गोंदियाले घेऊन गेले, तिथल्या डाक्टरीन बाईनं गोळी देल्ली, डोक्याची. आनि खरं सांगतो, त्या गोळीनं मले बरं वाटून राह्यलं व्हतं, महिन्याभरात मी भाकर खाले लागली, पोरीचं तोंड पाहून हसले लागली, पोरगी माहं बोट अशी मुठीत धरे का सोडवाव लागे.

एक दिवस दुपारी मी वर लंगोट वाळू घालाले गेली तं सर घोंग्याच्या बरनीसमोर पाट घेऊन बसलेले. हालत नाही, डोळा लवत नाही. मी पन पाह्यलं. वरच्या काठाजवळचा एक घोंगा सुटला. घसरला नाही, सुटला, जसं झोपेत कोनाच्या हातातलं सुटते तसा, न रेतीवर उलटा पडला. पाय बाहेर, वळवळत नाही. मंग दुसरा. खाली तं पयलेच कितीतरी पडलेले व्हते, काचेवर त्याईच्या पायाचे चिकट रस्ते तेवढे राह्यले.

मी म्हनलं, "काय टाकलं सर?"

सर म्हने, "काकूची गोळी. तिच्या उशीखाली एक पट्टी राह्यली व्हती, बाकीच्या लोकाईनं शिरवल्या. चिमूटभर चुरा टाकला, पाहाव म्हनलं."

"काहाची गोळी?"

त्याईनं पट्टी दाखवली. पाठीमागं चमकनारी पन्नी, त्याच्यावर गुलाबी अक्षर. माह्या घरात देवाच्या फळीवर जे पट्टी व्हती तेच गुलाबी अक्षर. मले इंग्रजी वाचता येत नाही पन रंग तं समजते. मी लंगोट तिथीच सोडले, खाली आली, पोरगी झोपलेली, लय येळची झोपलेली, मी तिच्या मुठीत बोट घातलं तं मूठ उघडीच राह्यली. झोपेत व्हती म्हनून असन, आता म्हनतो मी. तवा कसं म्हनू. माह्या डोक्यात तेच, शिंपी गाळते न आंगात ठेवते, मंग मी काय ठेवून राह्यली न तिले काय पाजून राह्यली.

मी कोनाले न सांगता गोळी बंद केली. पट्टी तांदळाच्या कोठीत खुपसली. दोन-चार दिवस काही नाही, मंग एकदम सारं परत आलं, पयल्यापेक्षा दुप्पट. कानात सू सू आवाज, घाम, पोरगी रडे तं वाटे दूर कुठीतरी दुसऱ्याची पोरगी रडून राह्यली. मांगचं दार मी सासूले म्हनून खिळा ठोकून बंद करवलं. सासू म्हने, "विहिरीचं पानी कोठून आनू मंग, तुह्या माहेरून?" पन तिनं माहं तोंड पाह्यलं न खिळा ठोकला.

त्या सकाळी मी वट्याच्या पायरीवर बसली व्हती, पोरगी मांडीवर. सर वरून उतरले, रोजच्यासारखं विचारलं, "पकड हाय का?" सारी गल्ली यावर हौ म्हने, मी पन रोज हौ म्हनत व्हती. त्या दिवसी मी म्हनलं, "नाही सर."

सर पायरीवरच बसले. मले वाटलं चक्कर आली. मी सारं सांगतलं, बरनीचं, पन्नीचं, कोठीचं. त्याईचा चेहरा असा झाला का मले त्याईचीच दया आली. म्हने, "अवं पोरी, मी घोंग्याले गोळी देल्ली, तुले नाही देल्ली. गोळी तुह्यासाठी बनवली हाय, घोंग्यासाठी नाही, म्हनून तं त्याले जहर झाली. मी शिंप्याईचा मास्तर हाय, तू शिंपी नाहीस. मी बोललो तेवढंच बोललो, पुढचं मले येत नाही, चाल, ज्याले येते त्याले विचारू." ह्याईले मिलवरून बोलावलं, आम्ही तिघं न पोरगी, गोंदियाची बस, राजेगावपर्यंत सर नुसते पोरीच्या मुठीकडं पाहून राह्यले. मले वाटे त्याईले काहीतरी मालूम हाय न ते लपवून राह्यले.

डाक्टरीन बाईनं सारं ऐकलं, मंग सरांकडं पाह्यलं न म्हने, "घोंघे की रिपोर्ट देखकर आपके किरायेदार ने दवा छोड़ दी?" सर शाळेच्या पोट्ट्यासारखे खाली मान घालून. मंग तिनं मले सांगतलं, "दूध में थोड़ी जाती है, बहुत थोड़ी. मैं बच्ची को देखती रहूँगी. पर अपने मन से बंद नहीं करना, उसमें ज्यादा खतरा है. तुम रहोगी तो बच्ची रहेगी." तिनं गोळी बदलून देल्ली, पोरीले तपासलं, आनि आपलं बोट तिच्या मुठीत घातलं. पोरीनं धरलं. डाक्टरीन बाई म्हने, "देखो, अच्छी पकड़ है." तिले काय मालूम ती काय बोलली. सरांनं चश्मा काढला न सदऱ्यानं पुसत बसले, लय येळ पुसत बसले.

परत आल्यावर त्याईनं बरनीचं पानी बदललं, रोज बदललं. काही घोंगे गेले, पन बाकीचे हळूहळू काचेवर चढले, मले बोलावून दाखवलं. म्हने, "पाह्य, साफ पानी भेटलं का परत येते." मले एवढं बरं वाटलं. मंग सर बरनीकडं पाहातच म्हने, "पन नदीले दुसरी बरनी नसते," न माहं बरं वाटनं तिथीच संपलं.

सर गेले ते उन्हाळ्यात, वट्यावरच, खुर्चीत, बरन्याईसमोर. जबलपूरहून त्याईचा मुलगा आला, चांगला मानूस, रडला. तिसऱ्या दिवसी राख शिरवाले निघाले, मडकं, फुलं, सरांच्या बीपीच्या गोळ्याईची थैली, आनि मी दरवाज्यातून पाह्यलं तं मुलाच्या हातात तो डबा. बिस्किटाचा, नाक गेलेल्या बाईचा. साऱ्या गल्लीच्या, साऱ्या घाटाच्या गोळ्या त्याच्यात, झाकन दोरीनं बांधलेलं. गेलेल्याची आवडती चीज शिरवाव लागते, नाही तं त्याचा जीव तिच्यात अटकते, म्हनून. सारे म्हनून राह्यले, हौ, हा डबा त्याईचा जीव व्हता, हा तं गेलाच पायजे.

मी कवा वट्यावर गेली मले समजलं नाही. मी डबा धरला. मुलगा म्हने, "वहिनी, काय करून राह्यल्या?" मी म्हनलं, "हा नदीत नाही जाऊ शकत." तो म्हने, "बाबांचं होतं, बाबांसोबतच जाईल. त्यांचं वेड आता तुम्ही नका चालवू." समुद्र, शिंपले, पाय, सारं माह्या डोक्यात गोळा झालं न तोंडातून एकच निघालं, "नाही." सासू मांगून म्हने, "सोड वं, लोक पाहून राह्यले." समोरची दीदी म्हने, "इसको फिर से हो गया लगता है." मी घाबरली व्हती, पन हात सुटत नव्हता, मी सोडाव म्हनलं असतं तरी सुटला नसता असं वाटे. त्या मुलानं ओढला, मी धरला, मंग त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं न हळूच सोडला. म्हने, "ठेवा. पण याचं कराल काय?"

मले काय मालूम. सरांलेच मालूम नव्हतं.

सरांची बीपीची थैली मातर गेली. ती मले मांगाचं सुचलंच नाही, ते घाटावर गेल्यावर सुचलं.

घर सरांच्या मुलानं विकलं नाही अजून, आम्ही तिथीच हाव. डबा माह्या लोखंडी पेटीत हाय, कुलपात, पेटीवर बिस्तरे, तरी मले रोज वाटते कुलूप उघडं राह्यलं. पोरगी आता पाटावर पाट ठेवून फळीपर्यंत चढते. घरात एवढ्या साऱ्याईचे दुखने घेऊन झोपतो मी, सासू अजूनही त्या खोलीत पाय नाही ठेवत, आनि ज्या दिवसी मी नसीन त्या दिवसी कोनीतरी हात जोडून ती पेटी नदीतच नेईल हे पन मले दिसते. वरून आता मले पुन्हा दिवस गेलेत. डाक्टरीन बाई म्हने या खेपेले आधीपासून लक्ष ठेवू, कदाचित गोळी लागन, कदाचित नाही लागन. ते कदाचित ऐकून मी बसमधी साऱ्या रस्त्यानं पोरीचा हात धरून बसली, ती म्हने, आई, दुखते.

एक बरनी मी ठेवली हाय, खिडकीत, घोंग्याईची. पानी बदलतो. सकाळी उठलं का चूल नंतर, पयले तिच्याकडं पाहतो. पोरगी माह्या आधी उठली असली का ती पाटावर उभी राहून काचेले नाक लावते न तिथूनच सरांसारखं ओरडते, तिनं त्याईले नीट पाह्यलं पन नाही तरी कोनाकडून शिकली काय मालूम, "आई, पकड हाय का?"

मी हौ म्हनतो, आनि मांगं हात नेऊन पेटीचं कुलूप ओढून पाहतो.